कृत्रिम सांधेरोपणातील जंतुसंसर्गप्रतिबंध

झिजलेला किंवा मोडलेला खुबा, गुडघा वा खांदा काढून त्या जागी धातू, प्लॅस्टिक अथवा सिरॅमिकचा सांधा बसवताना जंतू आत शिरू नयेत, आणि शिरलेच तर तेथे रुजू नयेत, यासाठी योजलेल्या उपायांना मिळून हे नाव आहे. हे उपाय रुग्ण दवाखान्यात भरती होण्याच्या काही आठवडे आधीपासून सुरू होतात आणि जखम पूर्ण भरेपर्यंत चालतात. चांगल्या केंद्रांत पहिल्यांदाच केलेल्या खुबा किंवा गुडघारोपणानंतर साधारण शंभरात एक ते दोन रुग्णांना खोल संसर्ग होतो. आकडा लहान दिसतो, पण असा संसर्ग झालेल्या रुग्णाला बहुधा पुन्हा टेबलावर जावे लागते, कधी बसवलेला सांधा काढून काही महिने सांध्याविना काढावे लागतात आणि मग दुसरा सांधा बसवला जातो. म्हणून या विषयात उपचारापेक्षा प्रतिबंधावरच अधिक लिहिले गेले आहे.

कृत्रिम वस्तू आणि जंतू. एरवी शरीर जे जंतू सहज निपटून टाकते, तेच कृत्रिम सांध्याभोवती घातक ठरतात. १९५७ मध्ये एलेक आणि कोनेन या ब्रिटिश संशोधकांनी स्वयंसेवकांच्या त्वचेत स्टॅफिलोकॉकस जंतू टोचून पाहिले. नुसत्या त्वचेत पू होण्यासाठी लाखो जंतू लागत. तेथे रेशमी टाका असला की काही शे जंतूही पुरत. एका टाक्याची ही गत, तर मूठभर धातूची काय असेल याचा अंदाज करता येतो. जंतू परक्या पृष्ठभागाला चिकटतात, स्वतःभोवती चिकट आवरण तयार करतात आणि त्या जैवपटलाच्या आत दडून बसतात. तेथे पांढऱ्या पेशी नीट पोचत नाहीत आणि बहुतेक प्रतिजैविकांची नेहमीची मात्रा अपुरी पडते. अमेरिकन शल्यचिकित्सक अँथनी ग्रिस्टिना यांनी १९८७ मध्ये याचे वर्णन पृष्ठभाग काबीज करण्याची शर्यत असे केले : शरीराच्या पेशी आधी पोचल्या तर सांधा टिकतो, जंतू आधी पोचले तर नाही. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा यातला मुख्य प्रतिस्पर्धी. स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस हा त्याचा मवाळ भाऊबंद प्रत्येकाच्या कातडीवर निरुपद्रवीपणे राहतो, पण सांध्यात गेला की महिनोन्‌महिने गुपचूप राहून मग सांधा दुखवू लागतो.

चार्नली आणि स्वच्छ हवा. या क्षेत्राचा इतिहास इंग्लंडमधील लँकाशायर परगण्यातील रायटिंग्टन रुग्णालयापासून सुरू होतो. ते मुळात क्षयरोग्यांसाठी उभारलेले. स्ट्रेप्टोमायसिनसारखी औषधे आल्यावर हाडांच्या क्षयाचे रुग्ण कमी झाले, खाटा मोकळ्या झाल्या आणि जॉन चार्नली (१९११–१९८२) यांना खुब्यावरील कामासाठी तेथे जागा मिळाली. आधी टेफ्लॉनची वाटी वापरून त्यांनी सुमारे तीनशे खुबे बसवले होते. ती लवकर झिजली आणि तो प्रयोग फसला. १९६२ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी उच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलीनची वाटी बसवली आणि आजच्या खुबारोपणाची पायवाट पडली. सांधा टिकणार हे दिसले, पण संसर्ग पाठ सोडत नव्हता. सुरुवातीच्या वर्षांत त्यांच्या रुग्णांत तो सात ते नऊ टक्क्यांच्या घरात होता. बारा-तेरा रुग्णांमागे एकाचा खुबा पू होऊन जाणार असेल, तर शस्त्रक्रिया कितीही सुंदर असो, तिला चालना देणे नैतिक नव्हते. चार्नली हे मान्य करणारे होते, आणि ते त्यांचे मोठेपण.

त्यांचा तर्क असा होता : जखम मोठी, ती तास-दोन तास उघडी, आणि खोलीत पाच-सात माणसे. माणूस हालचाल करताना सतत कातडीचे सूक्ष्म कण गाळतो आणि त्यांतले काही जंतू घेऊन हवेत तरंगतात. हवा स्वच्छ केली तर संसर्ग घटेल. हवाशुद्धीकरणाचे जाणकार ह्यू हॉवर्थ यांच्या मदतीने त्यांनी शस्त्रक्रियागृहात एक छोटी काचेरी खोली उभारली. रुग्णाचे धड आत, डोके आणि भूलतज्ज्ञ बाहेर. गाळलेली हवा वरून खाली सोडली जाई आणि पुढील रचनेत ती ताशी सुमारे तीनशे वेळा बदलत असे. सर्जनच्या झग्यातून आणि श्वासातून येणारे जंतू अडावेत म्हणून त्यांनी हवा शोषून घेणारा बंद पोशाख आणि शिरस्त्राण वापरले. या पोशाखातली माणसे पाहून तत्कालीन सहकाऱ्यांना अंतराळवीरच आठवत असणार. दहा वर्षांत संसर्गाचे प्रमाण सुमारे अर्ध्या टक्क्यावर आले, आणि हे प्रतिबंधक प्रतिजैविक न देता. १९७२ मध्ये त्यांनी हजारो शस्त्रक्रियांचा हा हिशेब प्रसिद्ध केला.

या हिशेबात एक गुंता आहे आणि तो नोंदवायलाच हवा. त्या दशकात फक्त हवा बदलली नव्हती : झगे बदलले, हातमोज्यांची आणि जखम शिवण्याची पद्धत बदलली, हातही सरावले. यश कोणाच्या नावावर मांडायचे? चार्नली हवेच्या बाजूने झुकले, जगानेही तेच ऐकले. त्यांनी आपला सांधा वर्षानुवर्षे फक्त रायटिंग्टनला येऊन शिकलेल्या सर्जनांनाच विकू दिला, हेही लक्षात ठेवावे. संसर्ग टाळण्याची शिस्त यंत्रातून कमी आणि या सक्तीच्या शिकवणीतून जास्त पसरली, असे वाटते.

ब्रिटिश चाचणी आणि नंतरचा संशय. गुंता सोडवण्यासाठी ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने संशोधक लिडवेल आणि सहकाऱ्यांकरवी १९ रुग्णालयांत मोठी चाचणी घेतली. १९८२ मध्ये आठ हजारांहून अधिक खुबा व गुडघा शस्त्रक्रियांचे निष्कर्ष आले. साध्या शस्त्रक्रियागृहात खोल संसर्ग १.५ टक्के, अतिस्वच्छ हवेत ०.६ टक्के. बंद पोशाख जोडला की तो आणखी घटे. त्याच आकड्यांत आणखी एक गोष्ट दडली होती : ज्यांना प्रतिजैविक दिले त्यांच्यात प्रमाण ०.६, न दिलेल्यांत २.३ टक्के. प्रतिजैविक चिठ्ठी टाकून वाटले गेले नव्हते, त्यामुळे या दुसऱ्या तुलनेला पुराव्याचा पूर्ण मान मिळाला नाही. तरीही तिने पुढची दिशा दाखवली.

आज प्रत्येकालाच प्रतिजैविक मिळते आणि बहुतेक साध्या शस्त्रक्रियागृहांतही गाळलेली हवा असते. त्या परिस्थितीत चार्नलींसारख्या सरळरेषी हवाप्रवाहाचा (‘लॅमिनार फ्लो’) वेगळा फायदा उरतो का? जर्मनीच्या निगराणी नोंदी (२००८) आणि न्यूझीलंडच्या सांधेरोपण नोंदवहीतील दहा वर्षांचा अभ्यास (२०११) यांत फायदा दिसला नाही. न्यूझीलंडमध्ये तर हवाप्रवाह आणि बंद पोशाख वापरणाऱ्यांकडे संसर्ग जास्तच आढळला. २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने, केवळ संसर्ग टाळण्यासाठी अशी यंत्रणा बसवू नये, असा सल्ला दिला, पण तो सशर्त होता. अशा नोंदवह्यांत अवघड रुग्ण कोणत्या खोलीत गेले हे नीट कळत नाही, म्हणून त्यांच्यामुळे चार्नली खोटे ठरतात असे म्हणणे उतावळेपणाचे होईल. मात्र जखमेवर वाकलेली डोकी आणि दिव्यांच्या चकत्या तो सुंदर प्रवाह मोडतात, हे साध्या नजरेलाही दिसते. महाराष्ट्रातील शहरांत ‘लॅमिनार फ्लो’ आणि ‘मॉड्युलर ओटी’ या पाट्या जाहिरातीत ठळक असतात. त्याच दवाखान्यात संसर्गाचे प्रमाण विचारले तर उत्तर तितके ठळक मिळेलच असे नाही. खरे तर रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या एनएबीएच या राष्ट्रीय मंडळाच्या मान्यतेसाठी ते मोजणे बंधनकारक आहे.

प्रतिजैविकाची वेळ. बॉस्टनचे सर्जन जॉन बर्क यांनी १९६१ मध्ये गिनिपिगांवर दाखवले की प्रतिजैविक जंतूंच्या आधी किंवा सोबतच ऊतकात पोचले पाहिजे. तीन तासांनी दिले तर जणू दिलेच नाही. १९९२ मध्ये अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटी येथील २,८४७ निरनिराळ्या शस्त्रक्रियांचा अभ्यास त्याला दुजोरा देऊन गेला : छेद घेण्याआधीच्या दोन तासांत मात्रा मिळालेल्यांत संसर्ग ०.६ टक्के, त्याहून आधी मिळालेल्यांत ३.८, छेदानंतर तीन तासांहून उशिरा मिळालेल्यांत ३.३. सांधेरोपणात बहुधा सेफॅझोलिन छेदाआधीच्या तासाभरात शिरेतून देतात; व्हॅन्कोमायसिन सावकाश जाते म्हणून ते दोन तास आधी सुरू करावे लागते. गुडघ्यावर रक्तबंध पट्टा फुगवण्याआधी मात्रा पूर्ण शरीरात गेलेली हवी, नाहीतर औषध मांडीच्या वरच थांबते. दीर्घ शस्त्रक्रियेत मात्रा पुन्हा देतात. शस्त्रक्रिया संपल्यावर प्रतिजैविक लांबवण्याचा फायदा सिद्ध झालेला नाही; तरीही आपल्याकडे रुग्ण घरी जाईपर्यंत आणि पुढेही ते चालू ठेवण्याची सवय अनेक ठिकाणी आहे. तिची किंमत प्रतिरोधक जंतूंच्या रूपाने सर्वांना मोजावी लागते. एक वेगळी वाट हॅम्बुर्गचे सर्जन बुखहोल्ट्स यांनी १९७० च्या सुमारास शोधली : सांधा बसवायच्या हाडाच्या सिमेंटमध्येच जेंटामायसिन मिसळायचे. ते हळूहळू झिरपते आणि जिथे जंतू नकोत नेमके तिथेच त्यांना मारते.

रुग्णाची तयारी. मधुमेह आटोक्यात नसेल तर शस्त्रक्रिया पुढे ढकलतात. हिमोग्लोबिन ए१सी सुमारे ७.५ टक्क्यांच्या वर असल्यास अनेक सर्जन थांबतात. तंबाखू आणि धूम्रपान किमान चार आठवडे आधी बंद, अतिलठ्ठपणा आणि कुपोषण दोन्हींवर आधी काम. गुडघ्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन घेतलेल्यांनी तीन महिने थांबावे. आपल्याकडे ‘आधी एक इंजेक्शन घेऊन बघू’ म्हणत आलेल्यांना हे आवर्जून विचारावे लागते. पायाच्या बोटांतील चिखल्या, न भरणारी जखम, किडका दात हेही पाहतात. साधारण तीनांत एका माणसाच्या नाकपुडीत स्टॅफिलोकॉकस ऑरियस राहतो. नेदरलँड्समध्ये अशा वाहकांना नाकात मुपिरोसिन मलम आणि क्लोरहेक्सिडीनची आंघोळ दिल्यावर (२०१०) या जंतूचा रुग्णालयातील संसर्ग ७.७ वरून ३.४ टक्क्यांवर आला.

केस वस्तऱ्याने काढू नयेत. सूक्ष्म जखमा होतात. नडत असतील तरच यंत्राने कापावेत. तरी ‘ऑपरेशनची शेव्हिंग’ आदल्या रात्री वॉर्डातच उरकण्याची परंपरा सहजी सुटत नाही. त्वचेवर अल्कोहोलयुक्त क्लोरहेक्सिडीन किंवा आयोडीन लावून ते पूर्ण वाळू द्यावे लागते. ओले असताना कॉटरी (विजेने ऊतक डागण्याचे उपकरण) चालवली तर भडका उडू शकतो.

शस्त्रक्रियागृहातील शिस्त. येथे नवे शोध थोडे, पाळायच्या गोष्टी भरपूर : दुहेरी हातमोजे, ते ठरावीक टप्प्यांवर बदलणे, दार वारंवार न उघडणे, माणसे मोजकी ठेवणे, कृत्रिम भागाचे वेष्टन शेवटच्या क्षणी फोडणे, रुग्णाचे शरीर गार पडू न देणे. टाके घालण्याआधी पातळ पोव्हिडोन आयोडीनने तीन मिनिटे धुण्याची पद्धत २०१२ नंतर पसरली. भारतात एक खास अडचण आहे. सांधा बसवण्याच्या उपकरणांचे ‘सेट’ बहुधा कंपनीचे प्रतिनिधी एका दवाखान्यातून दुसऱ्याकडे नेतात. असा सेट शस्त्रक्रियेआधी पुन्हा धुवून, तपासून, पूर्ण आवर्तनाने ऑटोक्लेव्ह केलाच पाहिजे. उशिरा आलेला पेटारा ‘घाईचा’ निर्जंतुक करून वापरणे धोक्याचे. किती हवा गाळली याचा हिशेब ठेवणारे या पेटाऱ्याकडे दुर्लक्ष करताना दिसतात.

नंतरचे दिवस. ट्रॅनेक्झॅमिक आम्ल दिल्याने रक्तस्राव घटतो, रक्त चढवण्याची वेळ कमी येते आणि सांध्यात रक्त साचून जंतूंना पोषण मिळण्याची शक्यताही कमी होते. उलट, रक्त पातळ करणारी औषधे जोरात दिली तर जखम झिरपत राहते. पट्टी कोरडी असेल तर ती उगीच उघडू नये. जखम पाच ते सात दिवसांनीही झिरपत राहिली, तर प्रतिजैविकाच्या गोळ्या वाढवून वाट पाहण्याऐवजी रुग्णाला परत शस्त्रक्रियागृहात नेऊन जखम धुवावी, असे या विषयावरील आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ परिषदांचे मत आहे. पहिल्या आठवड्यांत जैवपटल अजून घट्ट झालेले नसते, त्यामुळे सांधा न काढता तो वाचवता येण्याची संधी तेव्हाच असते.