वासरांतील व रेडकांतील गोलकृमी रोग

गाईच्या वासरांना आणि म्हशीच्या रेडकांना जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत होणारा आतड्यांचा परजीवीजन्य रोग. तो टॉक्सोकॅरा व्हिट्युलोरम या गोलकृमीमुळे होतो. या कृमीचे जुने नाव निओॲस्कॅरिस व्हिट्युलोरम असे होते. ‘व्हिट्युलोरम’ या लॅटिन पदाचा अर्थ ‘वासरांचा’ असा आहे. हा रोग मुख्यतः उष्ण कटिबंधात आढळतो. वासरांपेक्षा रेडकांत तो अधिक तीव्र असतो.

कृमीचे स्वरूप

पूर्ण वाढलेला कृमी पांढुरका, जाड व दोन्ही टोकांना निमुळता असतो. मादी सुमारे ३० सेंमी.पर्यंत लांब असते. नर तिच्याहून आखूड असतो. लहान आतड्यात राहून हे कृमी पचलेल्या अन्नावर जगतात.

जीवनचक्र

वासरे माती चाटतात म्हणून त्यांना जंत होतात, असा सर्वसाधारण समज आहे. या कृमीची बाधा मात्र प्रामुख्याने आईच्या दुधातून होते. शेणावाटे बाहेर पडलेली अंडी उष्ण व दमट हवेत काही आठवड्यांत संसर्गक्षम बनतात. चाऱ्या-पाण्याबरोबर ती मोठ्या जनावराच्या पोटात गेली, की त्यांतील अळ्या यकृत, फुप्फुसे, स्नायू इ. भागांत जाऊन सुप्तावस्थेत राहतात. गाय वा म्हैस विण्याच्या सुमारास या अळ्या जागृत होऊन कासेत उतरतात. चिकातून व दुधातून त्या पिलाच्या आतड्यात पोहोचतात. व्यायल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात दुधातील त्यांचे प्रमाण सर्वाधिक असते. सुमारे तीन आठवड्यांत कृमी पूर्ण वाढतात व शेणात अंडी दिसू लागतात. पिलू चार ते सहा महिन्यांचे होईपर्यंत बहुतेक कृमी आपोआप बाहेर पडतात.

लक्षणे

दुर्गंधीयुक्त, मातकट रंगाची हगवण किंवा बद्धकोष्ठ, पोटदुखी, पोटाचा नगारा, राठ केस, भूक मंदावणे व वाढ खुंटणे ही प्रमुख लक्षणे होत. श्वासाला खवट लोण्यासारखा वास येतो. कृमींचा गुंता होऊन आतडे तुंबल्यास किंवा फाटल्यास पिलू दगावते.

निदान

शेणाच्या सूक्ष्मदर्शकीय तपासणीत जाड, खाचदार कवचाची अंडी आढळतात. पहिल्या तीन आठवड्यांत अंडी नसतात. त्यामुळे या काळात तपासणीत काही न आढळणे हा बाधा नसल्याचा पुरावा ठरत नाही.

उपचार व प्रतिबंध

पिपराझिन, पायरँटेल, लेव्हॅमिसॉल इ. औषधे उपयोगी आहेत. लक्षणांची वाट न पाहता वयाच्या १० ते १६ दिवसांच्या दरम्यान औषध देणे सर्वांत लाभदायक असते. तोवर दुधातून येणाऱ्या बहुतेक अळ्या पिलाच्या आतड्यात आलेल्या असतात, परंतु अंडी घालण्यास प्रारंभ झालेला नसतो. यासाठी अपक्व कृमींवरही परिणाम करणारे औषध लागते. त्याची निवड व मात्रा पशुवैद्याने ठरवावी. नर रेडकांकडे पुष्कळदा दुर्लक्ष होते. पण त्यांच्या शेणातूनही अंडी पसरत असल्याने त्यांनाही औषध देणे आवश्यक असते.

कृमीच्या भीतीने चीक तोडणे घातक आहे, कारण नवजात पिलाला रोगप्रतिकारक प्रतिपिंडे चिकातूनच मिळतात. गोठा कोरडा ठेवणे, पिलांचे शेण रोज उचलणे आणि चारा-पाणी शेणापासून दूर ठेवणे यांमुळे मोठ्या जनावरांना होणारा संसर्ग कमी होतो व पुढील वेतातील पिलांचे रक्षण होते.