डिस्पोजलचा ट्रक आणि पांढुर्ण्याची वाट

पांढुर्णा आणि सौंसर हा मुलूख संत्र्यांचा आणि कापसाचा. पांढुर्णा नागपूर-इटारसीच्या मोठ्या लोहमार्गावर, तर सौंसर त्या काळी नागपूर-छिंदवाड्याच्या छोट्या गाडीच्या मार्गावर. पण बाग काही स्टेशनापाशी नसते. मळ्यापासून फलाटापर्यंतची वाट बैलगाडीने तोडावयाची, आणि तोडलेले फळ बैलांच्या चालीची वाट पाहत थांबत नाही. अशा मुलखाला जे वाहन उपयोगी पडावयाचे होते, ते शेतीसाठी घडविलेलेच नव्हते.

दुसरे महायुद्ध १९४५ साली संपले. आसामातील लेडोहून निघालेला पहिला मोटार-तांडा त्याच वर्षी ४ फेब्रुवारीला चीनमधील कुनमिंगला पोहोचला होता. पुढच्या सहा महिन्यांत त्या गाड्यांचे काम सरले. त्या परत अमेरिकेस नेणे परवडण्यासारखे नव्हते. मे १९४६ मध्ये उभय सरकारांत करार झाला आणि शिल्लक माल भारत सरकारच्या डिस्पोजल खात्यामार्फत विकला जाऊ लागला. बंगालमधील पानागढचा जुन्या गाड्यांचा बाजार हा त्याच काळाचा वारसा होय. नवे ट्रक मिळणे तेव्हा दुरापास्त होते. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून पहिली गाडी १९४७ साली बाहेर पडली आणि जमशेदपूरला टेल्कोचा ट्रक निघावयास १९५४ साल उजाडले.

विक्री होई ती गाडी जेथे असेल तेथे आणि जशी असेल तशी. दोन पावसाळे उघड्यावर काढलेल्या गाडीची बॅटरी बहुधा मेलेली असे. पेट्रोल उडून कार्बोरेटरमध्ये चिकट थर उरे, गंजाने पिस्टन सिलिंडरला धरून बसत. जाणता मिस्त्री अशा एंजिनावर जोर करीत नसे. प्लग काढून त्या भोकांतून तो रॉकेल आणि तेल सोडी, रात्रभर मुरू देई आणि सकाळी हँडल लावून अंदाज घेई. तरीही सुटले नाही तर गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून दहा-बारा माणसांकडून मागेपुढे ढकलवी. हँडल मारताना अंगठा चार बोटांच्याच बाजूला ठेवावयाचा, हा पहिला धडा. एंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट मोडावयाचे. एंजिन धडधडू लागले म्हणजे गाडी चालती झाली असेही नव्हे. ब्रेकची रबरे कडक होऊन तेल गळे, टायर उन्हाने तडकलेले असत, आणि अमेरिकन जी.एम.सी.ला तर चाकेच दहा!

शिवाय आपल्याकडे रस्त्याच्या डाव्या बाजूने जावयाचे आणि या अमेरिकन गाडीचे स्टिअरिंगही डावीकडेच. ड्रायव्हर खंदकाच्या बाजूला बसे. पुढची बैलगाडी ओलांडताना उजवीकडे बसलेल्या क्लीनरच्या डोळ्यांवर भरवसा ठेवावा लागे. कॅनडात बनलेल्या लष्करी शेव्हरले व फोर्ड गाड्यांना ही अडचण नव्हती. नागपूरहून सावनेरमार्गे पांढुर्णा सुमारे ६० मैल. सावनेरपुढे छिंदवाड्याकडची वाट फुटते, तीवर सौंसर. पुढे सातपुड्याच्या पायथ्याचे चढउतार. गिअर बदलताना क्लच दोनदा दाबावयाचा, आणि रेडिएटर उकळला की झाडाखाली थांबून राहावयाचे. गॅलनला जेमतेम सात-आठ मैल जाणारी ही गाडी पेट्रोल इतके पिई की, पुढे अनेक मालकांनी मूळ एंजिन उतरवून पर्किन्सचे डिझेल एंजिन बसविले. चेसिस मात्र लष्करी, ती टिकली.

या वाटेवर तेव्हा सीमा नव्हती. नागपूर हीच प्रांताची राजधानी होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. सावनेर मुंबई राज्यात गेले, पांढुर्णा आणि सौंसर मध्यप्रदेशात राहिले. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे एका राज्याचे परमिट दुसऱ्या राज्यात चालावयाचे तर तेथील अधिकाऱ्याची प्रतिसही लागे. संत्र्याची मोठी पेठ नागपुरात, सोयरीक सावनेर-काटोलकडे, घरातली भाषा मराठी. पण ज्या वाटेने ट्रक घरी आला, त्याच वाटेने माल घेऊन परत जावयाचे तर दोन राज्यांचे कागद जवळ हवेत, अशी स्थिती झाली. बंद पडलेले एंजिन मिस्त्रीच्या हातचे होते, हे काम त्याच्या हातचे नव्हते. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. नागपूरकडची सीमा मात्र आहे तेथेच आहे.