पुस्तकातली ओळ चालते का?

युक्लिडने दिलेली सिद्धता सुमारे २३०० वर्षांनंतरही जशीच्या तशी शिकवता येते. संगणकावर गणित करायला शिकवणाऱ्या पुस्तकाला मात्र इतके आयुष्य नसते. त्यातले गणित चुकत नाही. छापलेली आज्ञाच संगणकाला कळेनाशी होते.

‘सेज’ या आज्ञावलीचे उदाहरण घेऊ. समीकरणे सोडवणे, विकलन, संकलन, आलेख काढणे अशी कामे ती करते. अमेरिकन गणितज्ञ विल्यम स्टाइन यांनी ती २००५ साली सर्वांसाठी मोफत खुली केली. पदवीच्या विद्यार्थ्यांना ती शिकवणारे ग्रेगरी बार्ड यांचे पुस्तक २०१५ मध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीने प्रसिद्ध केले.

सेज ‘पायथॉन’ या संगणकभाषेवर उभी आहे. १ जानेवारी २०२० रोजी पायथॉनच्या दुसऱ्या आवृत्तीची देखभाल थांबली आणि सेज तिसऱ्या आवृत्तीवर गेली. पूर्वी ‘प्रिंट ५’ असे लिहिले की पडद्यावर ५ उमटे. आता ‘प्रिंट(५)’ असा कंस लागतो. नाहीतर चूक दाखवली जाते.

फरक फक्त कंसाचा. पण नवख्या विद्यार्थ्याला छापील पुस्तक चुकेल असे वाटत नाही. ‘मलाच जमत नाही’ असे म्हणून तो बाजूला होतो. खरा तोटा हा आहे. बार्ड यांनी पुस्तक नव्या पायथॉनशी जुळवून घेतले आणि दुसरी आवृत्ती २०२२ मध्ये निघाली.

पॉल झिमरमन आणि त्यांच्या फ्रेंच सहकाऱ्यांनी वेगळी वाट धरली. सेजवरचे त्यांचे पुस्तक २०१३ साली छापले गेले, तर इंग्रजी आवृत्ती २०१८ मध्ये आली. पुस्तकातली उदाहरणे, अपेक्षित उत्तरांसह, त्यांनी सेजच्या स्वयंचलित चाचण्यांमध्येच घातली. सेजमध्ये बदल केला की संगणक ही उदाहरणेही पुन्हा सोडवून पाहतो. उत्तर जुळले नाही तर ते विद्यार्थ्याच्या आधी सेज घडवणाऱ्यांना कळते.

आपल्यालाही यातून घेण्यासारखे आहे. तासाच्या आदल्या दिवशी पुस्तकातली प्रत्येक ओळ स्वतः संगणकावर चालवून पाहावी आणि कोणत्या आवृत्तीवर ती चालली, हे समासात लिहून ठेवावे. वर्गात ओळ अडलीच, तर आधी पुस्तकावर शंका घ्यावी, विद्यार्थ्यावर नंतर.