जिन्याखालची जड पेटी

घरात इन्व्हर्टर बसवायचा म्हटलं की दुकानदार आता मोबाइलचीच भाषा बोलतो. वीज गेल्यावर कोणता दिवा चालू ठेवायचा, गिझर आपोआप कसा तोडायचा, बॅटरीत जीव किती उरला, सारं पडद्यावर दिसतं. पण मंडळी, जिन्याखाली बसणारी ती जड पेटी फार जुनी आहे.

फ्रान्सच्या गास्ताँ प्लांते यांनी १८५९ साली शिशाचे पत्रे गंधकाच्या तेजाबात बुडवून पुन्हा पुन्हा भरता येणारी बॅटरी केली. आपली पेटी तिचीच वंशज. आत सहा घरं, प्रत्येकाचे दोन व्होल्ट. तिच्यातली वीज एकाच दिशेनं वाहते. घरातल्या पंख्याला मात्र सेकंदाला पन्नास हेलकावे घेणारी वीज लागते. हा पालट करतो तो इन्व्हर्टर.

महाराष्ट्रात तो घरोघरी शिरला भारनियमनामुळे. २००१ साली दाभोळचा प्रकल्प बंद पडला, २००५ साली वीज मंडळाच्या कंपन्या झाल्या. त्या वर्षांत मागणी आणि पुरवठ्यातली दरी एवढी रुंदावली, की खेड्यांत दिवसाचे कितीतरी तास वीज नसे. मुंबईला मात्र त्याची झळ फारशी लागली नाही. एकाच गल्लीत मग एका खिडकीत उजेड आणि शेजारी कंदिलाच्या काचेवर काजळी. दहावीची परीक्षा दोन्ही घरांतल्या मुलांना एकाच दिवशी.

आणि इन्व्हर्टर काही वीज निर्माण करत नाही! तारेतून घेतलेलीच साठवतो. भरताना, काढताना त्यातली थोडी वाया घालवतो. वीज परतली की गावातल्या साऱ्या बॅटऱ्या एकदम भरू लागत. आधीच अपुऱ्या विजेवर तो आणखी एक भार, आणि त्याचा वाटा कंदीलवाल्या घरालाही उचलावा लागे. सरकारला न सुटलेलं कोडं ज्यानं त्यानं आपल्यापुरतं सोडवलं, एवढंच. छतावर सूर्यतावदानं असतील तर गोष्ट वेगळी.

शिशाचंही पाहा. जुन्या बॅटऱ्या विक्रेत्यांमार्फत परत घ्याव्यात, असे नियम २००१ साली झाले. २०२२ मध्ये नवे आले. तरीही भंगारातलं शिसं उघड्यावर वितळवलं जातं. त्याचा धूर लहान मुलांच्या मेंदूला बाधतो. १९९१ साली बाजारात आलेल्या लिथियम बॅटरीत शिसं नाही, पाणी घालायची कटकटही नाही. किंमत मात्र अजून जास्त.

दीडशे अँपिअर-तासांच्या बारा व्होल्टी पेटीत कागदावर १.८ युनिट मावतात. दोन जुने पंखे आणि चार दिवे त्यावर सहा-सात तास चालतील. जुना पंखा पंचाहत्तर वॅट खातो, नव्या बीएलडीसी पंख्याला तीसेक पुरतात. पंखे बदलले तर तीच पेटी जवळजवळ दुप्पट वेळ चालते. दुकानदार हे सहसा सांगत नाही.