बदल चिमूटभर, डाउनलोड पोतंभर

१९८५ साली लॅरी वॉलने ‘पॅच’ हा प्रोग्राम लिहिला. अख्खा सोर्स कोड पुन्हा पाठवू नका, बदललेल्या ओळी तेवढ्या पाठवा. मोडेमच्या काळात ती गरजच होती.

तयार प्रोग्रामला हे सहज लागू पडेना. गल्लीत मधेच एक घर उभं राहिलं की पुढच्या सगळ्यांचे घरनंबर बदलावेत, तसे एका नव्या ओळीने आतले पत्ते सरकतात आणि फरकच फुगतो. २००९ मध्ये क्रोमच्या ‘कुर्झेट’ने पत्त्यांच्या जागी खुणा ठेवून मग फरक काढला. त्यांच्याच एका उदाहरणात पूर्ण अपडेट १,०३,८५,९२० बाइट, जुन्या ‘बीएसडिफ’ने ७,०४,५१२ आणि कुर्झेटने फक्त ७८,८४८!

पण प्रत्येक जुन्या व्हर्जनसाठी फरक बनवणं, तपासणं हे काम आमच्या माथी येतं. पूर्ण फाइलचा भार तुमच्या डेटा पॅकवर. रिलीजच्या घाईत मीही पूर्ण फाइलच ढकलली आहे.