सीमेपलीकडची भट्टी

महसूल खात्यात उभी हयात गेल्यामुळे असेल, पण नकाशावरची रेघ कोणाच्या अंगणातून गेली याकडे माझे लक्ष आधी जाते. एमिल गाले या फ्रेंच काचकलावंताविषयी वाचतानाही मी अडखळलो तो अशाच एका रेघेपाशी.

गाले यांचा जन्म १८४६ सालचा, लॉरेन प्रांतातील नान्सी शहरातला. वडील काचेच्या व मातीच्या नक्षीदार भांड्यांचे व्यापारी. मुलगा वायमारला शिकला आणि माइझेन्थाल गावच्या कारखान्यात त्याने भट्टीचे काम आत्मसात केले. १८७० चे युद्ध पेटताच तो स्वेच्छेने फ्रेंच सैन्यात दाखल झाला. १८७१ च्या तहाने आल्सास आणि लॉरेनचा काही भाग जर्मनीकडे गेला. नान्सी फ्रान्समध्ये राहिले, माइझेन्थाल जर्मनीत गेले. पलीकडून कुटुंबेच्या कुटुंबे नान्सीत येऊन वसली. या साऱ्याचा अर्थ आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

गंमत अशी, की लॉरेनचा दुहेरी आडव्या दांड्याचा क्रूस आपल्या भांड्यांवर अभिमानाने मिरवणाऱ्या या देशभक्ताची काच पुढेही माइझेन्थालच्याच भट्टीत तयार होत राहिली. हात ओळखीचे होते, आणि कसब सरहद्दीबरोबर हलत नाही. नान्सीत स्वतःची काचभट्टी पेटली ती १८९४ साली. दरम्यान १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांनी ऱ्हाइन नदीवर रचलेले एक जडावाचे मेज मांडले होते. हरवलेल्या प्रांताचे दुःख त्या लाकडात उघडउघड बोलते.

त्यांची खरी शाळा मात्र बाग होती. गाले वनस्पतिशास्त्राचे गंभीर अभ्यासक होते. ऑर्किडांच्या रूपभेदांवर त्यांनी शास्त्रीय लेखन केले, नान्सीच्या उद्यानविद्या संस्थेचे काम पाहिले. १८८५ ते १८८८ या काळात ताकाशिमा होक्काई हा जपानी चित्रकार-वनस्पतिज्ञ नान्सीच्या वनविद्यालयात शिकत होता. त्याच्या सहवासाने जपानी दृष्टीची ओढ गाले यांच्या ठायी अधिक पक्की झाली. चतुर, काटेरी रानफुले, कोमेजत चाललेले पान यांना त्यांनी फुलदाणीवर मानाचे स्थान दिले. कोमेजलेले पान शोभेच्या वस्तूवर काढायला धाडसच लागते.

निरनिराळ्या रंगांच्या काचेचे थर एकावर एक चढवायचे आणि वरचे थर आम्लाने खाववून किंवा फिरत्या चाकावर कोरून आतला रंग उघडा करायचा, ही त्यांची मुख्य रीत. १८९८ साली त्यांनी आणखी एका पद्धतीचे एकस्व घेतले. तापून मऊ असलेल्या भांड्यात रंगीत काचेचे तुकडे दाबून बसवायचे, म्हणजे लाकडातील जडावकामच, पण धगधगत्या काचेत. दोन काचा निवताना सारख्या आकसल्या नाहीत तर भांडे तडकते, आणि तशी पुष्कळ तडकली. बुडबुडे, भेगा हे दोष समजून इतर कारागीर टाकून देत, त्यांतून गाले यांनी धुके आणि पाणी निर्माण केले. हे सारे ते एकहाती करीत नसत. कल्पना व देखरेख त्यांची, फुंकनळी कारागिरांची. संग्राहकांच्या लेखनात ही माणसे सहसा दिसत नाहीत, याची खंत वाटते.

मग ड्रेफसचे प्रकरण आले. १८९४ मध्ये देशद्रोहाच्या खोट्या आरोपावरून शिक्षा झालेला हा ज्यू अधिकारी मूळचा आल्सासचा. सीमेवरच्या, सैन्याला पूज्य मानणाऱ्या नान्सीत त्याची बाजू घेणे म्हणजे शहराचा रोष ओढवून घेणे. गाले यांनी ती उघडपणे घेतली. गिऱ्हाइके तुटली, जुने स्नेही दुरावले. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांनी 'काळी माणसे' ही फुलदाणी ठेवली. व्हिक्टर प्रूव्हे या मित्राच्या साहाय्याने रेखलेल्या तिच्या अंगावरून द्वेषाच्या आणि असत्याच्या काळ्या आकृती वर सरकतात. मला त्यांच्या सर्व फुलांपेक्षा ही फुलदाणी मोठी वाटते.

१९०१ मध्ये नान्सीतील कलावंतांची संघटना उभी राहिली, तिचे ते पहिले अध्यक्ष झाले. १९०४ च्या सप्टेंबरात रक्ताच्या कर्करोगाने त्यांचा अंत झाला. ड्रेफस निर्दोष ठरला तो त्यानंतर दोन वर्षांनी. पत्नी हेन्रिएट यांनी कारखाना चालू ठेवला, आणि काही काळ तिथून बाहेर पडणाऱ्या काचेवर गाले यांच्या सहीशेजारी एक लहानशी चांदणी कोरली जाई.