हरताळ, हिंगूळ आणि छापील प्रतिमा

बीड जिल्ह्यांतील अंबाजोगाई येथें दासोपंतांची (इ. स. 1551–1615) पासोडी आहे. पंचीकरणाचा विषय त्यांनीं कागदावर न लिहितां कापडावर लिहिला. तें कापड सुमारें 40 फूट लांब व 4 फूट रुंद असल्याचें सांगतात. एवढा पट उलगडून बसणें प्रत्येक अभ्यासकास साधणारें नाहीं, आणि वारंवार उलगडल्यानें जुन्या कापडाचें आयुष्यहि घटतें. तेव्हां अशा वस्तूचा अभ्यास बहुतांशीं तिच्या छायाचित्रावरूनच व्हावयाचा. त्या छायाचित्रांतील रंगावर भरंवसा कितपत ठेवावा, एवढाच प्रश्न येथें घेतला आहे.

रंग ही केवळ शोभेची बाब, असें पुष्कळ संपादक मानतात. परंतु पोथींत रंग हा पाठाचाच भाग असतो. लेखनिक चुकलेल्या अक्षरांवर हरताळ फांशी व त्या पिवळ्या जागेवर नवें अक्षर लिही. वाक्प्रचार त्यावरूनच पडला. दंड, अंक व पुष्पिका यांचा तांबडा रंग कधीं हिंगुळाचा, कधीं गेरूचा. हिंगूळ हें पाऱ्याचें मोलाचें द्रव्य, गेरू ही साधी माती. अर्थात् पोथी कोणाच्या ऐपतीची, याविषयीं हा भेद कांहीं बोलतो. काजळाची शाई काळी राहते, तर लोहाची शाई कालांतरानें तपकिरी होऊन कागदच खाते.

छपाईनें रंग बदलतो हें नवीन नाहीं. राजा रविवर्म्यांचा शिळाछापखाना 1894 सालीं मुंबईंत निघाला व पुढें मळवलीस गेला. तेथील पद्धतींत प्रत्येक रंगाचा दगड निराळा. शाईची मात्रा ठरे ती कारागिराच्या नजरेनें. अशा छापील चित्रावरून मूळ तैलचित्राची छटा सांगणें धाडसाचें होय.

आतां दगड गेले आणि आंकडे आले. कॅमेरा प्रत्येक बिंदूचे लाल, हिरवा व निळा असे तीन आंकडे नोंदतो. पण तेच आंकडे दोन पडद्यांवर दोन रंग दाखवितात. म्हणून 1993 सालीं कांहीं उत्पादकांनीं आंतरराष्ट्रीय संघ स्थापून ‘प्रोफाइल’ची सर्वमान्य पद्धति घातली. प्रोफाइल म्हणजे अमुक यंत्राचा अमुक आंकडा डोळ्यास कोणता रंग दाखवितो, याचें कोष्टक. छायाचित्रांत पोथीशेजारीं 24 चौकटींची रंगपट्टी ठेवली म्हणजे कॅमेऱ्याचें कोष्टक बनवितां येतें.

हें सर्व असूनहि घात होतो तो मनुष्याच्या सुधारणेच्या हौसेनें. जुना कागद पिवळट दिसला कीं कामगार त्यासच ‘पांढरा’ ठरवून मोकळा होतो. पान स्वच्छ दिसतें खरें, परंतु त्याबरोबर हरताळाचा फिकट पट्टाहि मावळतो, आणि दुरुस्तीखालीं दडलेला पहिला पाठ शोधावयाची खूणच नाहींशी होते. उलट चित्र पिवळसर झालें तर हरताळ व कागद एकजीव दिसतात, परिणाम तोच. पुढें छपाईंत साधा, न चकाकणारा कागद शाई पिऊन टाकतो, आणि झगझगीत हिंगूळ मंद होऊन गेरूसारखा भासतो. संपादकानें छापील पानावरून ‘गेरू’ असें लिहिलें कीं तें वर्णन पुढील दहा ग्रंथांत उतरतें.

याकरितां रंगपट्टी चित्रांतून कापून टाकूं नये. मूळ फाइल न सुधारतां राखावी. नमुन्याचा छाप मूळ वस्तूशेजारीं 5000 केल्विनच्या प्रमाणित प्रकाशांत पडताळावा. दिव्याच्या प्रकाशांत जुळलेले दोन रंग उन्हांत जुळतीलच असें नाहीं.

पासोडीसारख्या पटाचें काम तर अधिकच नाजूक. त्याचीं छायाचित्रें तुकड्यातुकड्यांनीं घेऊन सांधावीं लागतात. प्रत्येक तुकड्याचा पांढरेपणा निराळा धरला गेला, तर सांध्याशीं कापडाची व शाईची छटा एकाएकीं बदलेल. आणि मूळ न पाहिलेला अभ्यासक तेथें दुसरें कापड जोडलें होतें, किंवा दुसरा हात लिहीत होता, असें अनुमान बिनदिक्कत काढील.